निम्मं घर मिळत नाही, मग मिळतं काय? घटस्फोटातला पैशांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला चौदा वर्षं झाली, दोन मुलं आहेत. पहिली सहा वर्षं नोकरी केली, मग मुलांसाठी सोडली. फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि कर्जाचे हप्ते त्याच्या पगारातून जातात. आता त्यानं कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज टाकलाय आणि समन्स हातात पडलंय. ‘निम्मं घर माझं होईल ना? आणि खर्चाला पैसे कधीपासून मिळतील?’

आधी कटू भाग. नाही, निम्मं घर आपोआप तुमचं होत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ असो की विशेष विवाह कायदा १९५४, लग्नानंतर जमवलेल्या मालमत्तेची नवरा-बायकोत वाटणी करा असं दोन्हींत कुठेही म्हटलेलं नाही. ज्याच्या नावावर वस्तू, तो मालक, असा सरळ हिशेब. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंपुरतं. दहा वर्षांनी घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे विवाहितांची मालमत्ता सामायिक धरली जाते. बांद्याचा नाका ओलांडून पलीकडे गेलं की संसारात निम्मा वाटा, अलीकडे फक्त पोटगी. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेलं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२३मध्ये एका निकालात गृहिणीच्या कष्टाला मालमत्तेतलं योगदान मानून तिला निम्मा वाटा दिला. युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो, पण त्याच्या भरवशावर घर मिळेल असं धरून चालू नका.

यातली गंमत म्हणा की फसवणूक, ती तुमच्या प्रश्नातच आहे. बहुतेक घरांत दोघांचे पगार असतात तेव्हा त्याच्या पगारातून कर्जाचा हप्ता जातो आणि तिच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधं. दोघांनी सारखेच पैसे घातलेले असतात, पण दहा वर्षांनी त्याच्याकडे फ्लॅट असतो आणि तिच्याकडे डी-मार्टची बिलंसुद्धा नसतात. म्हणून तुमच्या नोकरीच्या सहा वर्षांतली बँक स्टेटमेंट आजच मागवा. डाउन पेमेंटच्या सुमारास तुमच्या खात्यातून त्याच्या खात्यात किंवा बिल्डरला एखादी रक्कम गेली असेल, माहेरहून आलेला चेक असेल, तुमचे दागिने मोडून भरणा केला असेल, तर तो एकेक व्यवहार सोन्याच्या किमतीचा आहे. नाव नसलं तरी पैसे घातल्याचा लेखी माग असेल, तर वाट्यासाठी दावा उभा राहू शकतो. माग नसेल तर तोंडी सांगण्याला फारसं वजन येत नाही.

मालकी नसली तरी राहण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे कायदा बराच ठाम आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५च्या कलम १७प्रमाणे ज्या घरात तुम्ही संसार केलात त्या घरात राहण्याचा तुम्हाला हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. सासूसासऱ्यांच्या नावावरचं घर ‘सामायिक घर’ धरायचं की नाही यावर कित्येक वर्षं बायकांच्या विरोधात निकाल लागत होते. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२०मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात ते चित्र पालटलं. तेव्हा ‘फ्लॅट माझ्या नावावर आहे, निघ’ या वाक्याला घाबरून बॅग भरू नका. जिवाला धोका असेल तर अर्थातच आधी बाहेर पडा. तसं बाहेर पडल्यानं हक्क जात नाही, पण ताबा सुटल्यावर परत मिळवायला वेळ जातो. कलम १९खाली कोर्ट तुम्हाला घराबाहेर काढायला मनाई करू शकतं, घर विकायला मनाई करू शकतं, किंवा तसंच दुसरं घर वा त्याचं भाडं द्यायला लावू शकतं. मात्र हा हक्क संसाराच्या नात्यावर उभा आहे. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर त्याच आधारावर तिथे टिकून राहणं फार अवघड होतं. म्हणून घराचा प्रश्न हुकुमाच्या आधीच, भाडं किंवा रक्कम या रूपात सोडवून घ्यायचा असतो.

आता पोटगी. भांडण खरं इथेच असतं, आणि ते कायद्यापेक्षा कागदांवर जास्त चालतं. नवऱ्याचं उत्पन्न किती, हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात बाईवर येऊन पडतो, आणि त्याची सगळी कागदपत्रं त्याच्याच कपाटात असतात. घरात आहात तोवर फोनमध्ये फोटो काढून ठेवा: पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं, बँकेची पासबुकं, एलआयसीच्या पावत्या, म्युच्युअल फंडाची स्टेटमेंट, क्रेडिट कार्डाची बिलं, गाडीचं आरसी, गृहकर्जाचं मंजुरीपत्र. कर्जाची फाइल विशेष मोलाची. बँकेकडून कर्ज घेताना माणूस आपलं उत्पन्न छातीठोकपणे दाखवतो आणि कोर्टात तेच उत्पन्न आक्रसतं. मालमत्तेची ‘सूची दोन’ (इंडेक्स-२, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. गावाकडे जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. त्याच्या ईमेलचा पासवर्ड फोडून काही मिळवायच्या भानगडीत मात्र पडू नका. तो गुन्हा आहे, आणि उलटतो.

सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात घालून दिलेली पद्धत आता सगळीकडे चालते. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. नोकरदार-व्यावसायिकांसाठी एक नमुना आहे, शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा. हे प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमच्या दाव्याचा कणा. ते वकिलाच्या कारकुनावर सोपवून कोऱ्या रकान्यांखाली सही करण्याची चूक फार जणी करतात. ‘खर्च अंदाजे ५०,०००’ असा ढोबळ आकडा घातला तर समोरचा वकील उलटतपासणीत पाच मिनिटांत तो पाडतो.

आकडा असा बांधायचा. समजा दुसऱ्या घराचं भाडं १२,०००, किराणा-दूध-भाजी ११,०००, वीज-गॅस-मोबाइल-इंटरनेट ३,२००. शाळेची फी वर्षाची ९६,००० असेल तर महिन्याचे ८,०००. व्हॅन २,४००, क्लास ३,०००, औषधं १,५००, कपडे आणि सणवार २,०००. बेरीज ४३,१००. प्रत्येक ओळीला पावती, भाडेकरार किंवा यूपीआयची नोंद जोडा. वार्षिक फी, डिपॉझिट, सहलीचे पैसे हे लोक महिन्याच्या हिशेबात धरायलाच विसरतात, आणि जूनमध्ये डोक्याला हात लावून बसतात.

त्याच्या बाजूचा हिशेब याहून महत्त्वाचा. समजा एकूण पगार १,१०,०००. सक्तीचा पीएफ ७,०००, व्यवसाय कर २००, आयकर ८,८००. उरले ९४,०००. पण तो स्लिप दाखवेल ६१,०००ची, कारण त्यात स्वेच्छेचा पीएफ १०,०००, पतपेढीच्या कर्जाचा हप्ता १५,००० आणि विम्याचे ८,००० कापलेले असतील. कोर्टानं सक्तीच्या वजावटी सोडून बाकीच्या परत मिळवून उत्पन्न धरायचं असतं, कारण स्वतःच्या बचतीच्या नावाखाली कोणी बायको-मुलांचा हक्क कापू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये कल्याण डे चौधरी खटल्यात निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी न्याय्य मानली. तो काही पक्का पाढा नाही. मुलांचं वेगळं असतं आणि कमी-जास्त होतं. तरी त्याच मापानं मोजलं तर ९४,०००वर २३,५०० होतात आणि ६१,०००वर १५,२५०. म्हणजे एका पगार-स्लिपच्या वाचनात महिन्याला ८,२५०चा फरक. तेव्हा पतपेढीचं कर्ज कधी काढलं ती तारीख तपासायला सांगा. नोटीस गेल्यानंतरच्या महिन्यातलं निघालं तर आणखी काही सिद्ध करावं लागत नाही.

धंदेवाल्यांची गोष्ट वेगळी. दुकान भावाच्या नावावर, गाडी आईच्या नावावर, विवरणपत्रात महिन्याचे ३०,०००, आणि गृहकर्जाचा हप्ता मात्र ३८,०००. अशा वेळी उत्पन्न सिद्ध करत बसू नका, खर्च सिद्ध करा. हप्ते, शाळेची फी, विमानाची तिकिटं, क्लबची वर्गणी एकत्र मांडली की विवरणपत्र आपोआप खोटं पडतं. तो स्टेटमेंट देत नसेल तर बँकेला किंवा तो नोकरी करत असेल तिथल्या मालकाला कागद हजर करण्याचा आदेश द्यावा असा अर्ज करा. नोटीस मिळताच राजीनामा देऊन ‘मी बेकार’ म्हणणारेही असतात. धडधाकट माणसाला त्या सबबीनं सुटता येत नाही. वेळ आली तर अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये स्पष्ट सांगितलंय.

तुमच्याविरुद्ध हमखास येणारा मुद्दा म्हणजे ‘ती पदवीधर आहे, नोकरी करत होती, कमवू शकते’. कमवण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाचंच मत आहे. आठ वर्षांच्या खंडानंतर तोच पगार मिळत नाही हे दाखवायला तुमचा जुना अनुभवाचा दाखला आणि आता केलेले नोकरीचे अर्ज जोडा. पण घरी शिकवण्या घेत असाल, शिवणकाम करत असाल, तर ‘शून्य उत्पन्न’ लिहू नका. तुमच्या नावावरची एफडी, माहेरच्या जमिनीतला वाटा, डिमॅट खातं, सगळं लिहा. ६,००० रुपये लपवल्याचं उघड झालं की ४३,१००चा खरा हिशेबही संशयाच्या भोवऱ्यात सापडतो. शिवाय खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल नागरी सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३७९खाली कारवाईचा अर्ज येतो, आणि तडजोडीच्या टेबलावर तोच तुमच्याविरुद्धचा हुकमी पत्ता बनतो.

अर्ज नेमका कुठे करायचा? घटस्फोटाचा दावा चालू आहे, तेव्हा त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४चा अर्ज करा. त्यात पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो. वकिलाची फी, जाण्यायेण्याचं भाडं, टायपिंग, हे मागायचं राहूनच जातं. कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, तयार व्हायची वाट पाहू नका, पहिल्याच तारखेला अर्ज द्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हे रजनेश निकालात ठरलंय, म्हणून अर्ज चार महिने लांबला तर चार महिन्यांची पोटगी गेली. अंतरिम अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात समुपदेशनाच्या तारखा, समोरच्याचा ‘से’ (लेखी म्हणणं) दाखल व्हायला लागणारे आठवडे, मग युक्तिवाद, असं करत कितीतरी महिने जातात. त्या काळातलं घर कसं चालवायचं याची सोय आधी करा, निकालाच्या भरवशावर राहू नका.

राहतं घर किंवा मारहाण हा मुद्दा असेल तर हिंसाचार कायद्याखाली कलम १२चा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. त्यात कलम २०खाली पैसेही मागता येतात, आणि तातडी असेल तर कलम २३खाली एकतर्फी अंतरिम आदेश मिळतो. तिसरी वाट नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ची, म्हणजे पूर्वीचं सीआरपीसी १२५. ही कुठल्याही धर्माच्या स्त्रीला खुली आहे. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही ती खुली असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ रोजी पुन्हा एकदा निःसंदिग्ध सांगितलं. तिन्ही वाटा धरता येतात, पण एकीकडची रक्कम दुसरीकडे वळती होते, आणि आधीचा आदेश सांगणं बंधनकारक आहे. तीन कोर्टांत तीन तारखा सांभाळताना नोकरी, मुलं आणि वकिलाची फी यांचं काय होतं याचाही विचार करा. तुमच्या परिस्थितीत कलम २४ पुरेसं आहे. घरातून काढण्याची धमकी खरी असेल तर त्यात हिंसाचार कायद्याखालचा दिलासा कौटुंबिक न्यायालयातच मागता येतो, कलम २६ त्यासाठीच आहे.

समन्स घेणं टाळू नका. ‘बेलिफ आला तेव्हा दार उघडलं नाही’ हा काही बचाव होत नाही. घ्यायला नकार दिला की बजावणी झाली असं धरून दावा एकतर्फी चालतो, आणि मग तो हुकूम रद्द करायला तीस दिवसांत धावावं लागतं. नवऱ्यानं दावा दुसऱ्या शहरात टाकला असेल तर तो तुमच्या शहरात वर्ग करून मागता येतो, आणि तुम्ही स्वतः दावा करणार असाल तर २००३पासून तो तुमच्या राहत्या ठिकाणीही दाखल होतो.

स्त्रीधनाबद्दल थोडंच, कारण कायदा सोपा आहे आणि पुरावा अवघड. लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तुम्हाला मिळालेले दागिने, भेटी, रोख हे सर्व तुमच्या एकटीचं. नवरा वा सासू ते सांभाळत असतील तर विश्वस्त म्हणून. प्रतिभा राणी खटल्यात १९८५मध्येच हे ठरलंय. अडचण अशी, की पाटल्या, तोडे, मोहनमाळ सासूच्या लॉकरमध्ये आणि पावत्या कुठेच नाहीत. लग्नाचा अल्बम काढा. फोटोत अंगावर दिसणाऱ्या प्रत्येक दागिन्याला क्रमांक द्या, शेजारी अंदाजे वजन आणि कुणी दिला ते लिहा. माहेरच्या सोनाराकडे जुनं बिलबुक असेल तर त्याची नक्कल मिळवा. लॉकर दोघांच्या नावे असेल तर तो शेवटचा कधी उघडला याची नोंद बँकेकडे असते, ती मागवा. आणि यादीत ‘५० तोळे’ असं फुगवून लिहू नका. फोटोत २२ तोळे दिसतात आणि दावा ५०चा, मग २२वरही शंका येते.

आता नवऱ्याकडून येऊ शकणारा प्रस्ताव: ‘एकरकमी २० लाख घे आणि सहमतीनं मोकळे होऊ’. आकडा मोठा वाटतो, म्हणून तो मोडून बघू. सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १,४०,०००, म्हणजे महिन्याला ११,६६६. वर काढलेली पोटगी २३,५०० होती. तुम्ही महिन्याला २३,५०० काढायला लागलात, दरवर्षी महागाईपोटी सहा टक्क्यांनी वाढवलेत आणि उरलेल्यावर सात टक्के व्याज मिळत राहिलं, तर २० लाख साधारण साडेसात वर्षांत संपतात. तुमचं वय तेव्हा किती असेल आणि धाकटं मूल कितवीत, ते बोटांवर मोजा. एकरकमी घेण्याचे फायदे नाहीत असं नाही. दर महिन्याला मागे लागावं लागत नाही, आणि करातही फरक पडतो: मासिक पोटगी उत्पन्न धरली जाते, एकरकमी भांडवली स्वरूपाची म्हणून सहसा करपात्र नसते. ज्याची वसुली दुरापास्त आहे अशा धंदेवाल्याकडून एकरकमी घेणंच शहाणपणाचं. सरकारी किंवा पक्की नोकरी असलेल्याकडून मासिक पोटगी वाढीच्या कलमासह घेणं बऱ्याचदा सरस ठरतं.

सहमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बखाली होतो. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, पण सगळ्या बाबी मिटल्या असतील तर २०१७च्या अमरदीप सिंग निकालामुळे कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणूनच पैसे हुकुमानंतर देण्याची अट कधी मान्य करू नका. रक्कम डिमांड ड्राफ्टनं घ्या: काही पहिल्या अर्जाच्या वेळी, बाकी दुसऱ्या अर्जाच्या दिवशी, न्यायाधीशांसमोर, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद करून. पुढच्या तारखांचे चेक म्हणजे फक्त आश्वासन. संमतीच्या अटींत मुलांच्या पोटगीवर पाणी सोडलेलं वाक्य हळूच सरकवलेलं असतं, ते खोडा. तो हक्क मुलांचा आहे, तुम्ही सोडू शकत नाही. त्याऐवजी फी थेट शाळेत कोण भरणार, अकरावी-बारावीचा आणि पदवीचा खर्च कोणत्या प्रमाणात, वैद्यकीय विमा कुणाच्या पॉलिसीत, हे आकड्यांसकट लिहून घ्या.

तडजोडीत घर मिळत असेल तर तारखेचा एक पेच लक्षात ठेवा. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं, वर स्थानिक अधिभार असेल तो. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर तुम्ही पत्नी राहत नाही, आणि तेच हस्तांतर बाजारभावाच्या टक्केवारीनं लाखांत जातं. म्हणून बक्षीसपत्र हुकुमाआधी नोंदवा. कर्ज बाकी असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आधी लागेल. आणि उलट बाजूनं, फ्लॅटच्या कर्जात तुमचं सहकर्जदार म्हणून नाव असेल तर घटस्फोटानं ते जात नाही. त्यानं हप्ता चुकवला की बँक तुम्हाला फोन करेल आणि सिबिल तुमचं खराब होईल. कोर्टाच्या हुकुमात ‘हप्ते नवरा भरेल’ लिहिलं असलं तरी बँक त्या दाव्यात पक्षकार नसते, तिला त्याचं बंधन नाही. कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर करून घेणं हीच तडजोडीची अट ठेवा.

नातेवाइकांनी बैठक घेऊन स्टँप पेपरवर फारकत लिहून घेण्याची पद्धत अजून आहे. तो कागद नोटरी झाला तरी त्यानं हिंदू विवाह मोडत नाही, जुनी जातीय रूढी सिद्ध झाली तरच मोडतो. त्यातलं ‘मी पोटगी मागणार नाही’ हे वाक्यही टिकत नाही. पण धोका दुसरीकडे आहे. कलम १४४मध्ये दोघं परस्परसंमतीनं वेगळी राहत असतील तर पोटगी नाही अशी अट आहे, आणि हाच कागद त्यासाठी पुढे केला जातो. सही करू नका. केली असेल तर ती कोणत्या परिस्थितीत केली हे अर्जात पहिल्याच पानावर सांगा.

घटस्फोटानं गुपचूप जाणाऱ्या गोष्टींची कुणी आठवण करून देत नाही. कंपनीच्या मेडिक्लेममधलं तुमचं नाव निघतं. सरकारी नोकराच्या कुटुंब निवृत्तिवेतनावरचा हक्क जातो. तो मृत्युपत्र न करता गेला तर वारस म्हणून वाटा मिळत नाही. मुलांचा मात्र राहतो, वडिलोपार्जित शेतीतलाही, आणि मुलीचाही. म्हणून कायमस्वरूपी पोटगीच्या रकमेत आरोग्यविम्याचा हप्ता वेगळा धरा, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५खाली ती रक्कम त्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून नोंदवून मागा. कायदा हे स्पष्टपणे देतो, पण अर्जात मागितल्याशिवाय कोर्ट स्वतःहून देत नाही.

पैशांअभावी वकील करता येत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज द्या, हेल्पलाइन १५१००. पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, ही १९९४ची अधिसूचना आहे. काउंटरवर फी मागितली तर तिचं नाव घ्या.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही. पहिला हप्ता आला नाही की थांबू नका, दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या वसुलीचा अर्ज, टाका. कलम १४४खालची थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो; दीड वर्षानं गेलात तर मागचे सहा महिने या मार्गानं बुडतात. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी त्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्यानं देणं फिटत नाही. नोकरदार असेल तर पगारावर जप्ती मागा. पोटगीच्या हुकुमासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो, उरलेल्या दोन तृतीयांशापर्यंत जप्ती बसते. दरखास्तीत मालकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि नवऱ्याचा एम्प्लॉयी क्रमांक लिहा. पगार-स्लिपच्या फोटोचा शेवटचा उपयोग तिथे होतो.